एमसीएफ-७ पेशींचा मृत्यू पूर्वनियोजितच आहे, हे कोणत्या चाचण्यांनी दाखवावे?

पेशीविद्यार्थिनी, औंध

नमस्कार. मी पुण्यात जैवतंत्रज्ञान विषयात पीएच.डी. करत आहे. सह्याद्रीत आढळणाऱ्या एका औषधी वनस्पतीच्या पानांचा मेथॅनॉलमध्ये काढलेला अर्क स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ या पेशींवर काय परिणाम करतो, हा माझ्या प्रबंधातील एका प्रकरणाचा विषय आहे. या पेशी गणेशखिंड येथील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून घेतलेल्या आहेत.

पेशींचा चयापचय रंगावरून मोजणाऱ्या एमटीटी चाचणीत ४८ तासांनंतर अर्काच्या वाढत्या मात्रेबरोबर वाचन कमी होत गेले. ज्या मात्रेला ते निम्म्यावर आले, तीच मात्रा पुढील प्रयोगांसाठी निवडली. त्यानंतर ४८ तासांच्याच पेशींना ॲनेक्सिन व्ही-एफआयटीसी आणि प्रोपिडियम आयोडाइड हे दोन्ही रंग देऊन फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) तपासणी केली. रंग घेतलेल्या बहुतेक पेशी उजवीकडच्या वरच्या चौकटीत, म्हणजे दोन्ही रंगांना धन अशा दिसल्या. केवळ ॲनेक्सिन घेतलेल्या पेशी फारच थोड्या होत्या. त्याच पेशींचा डीएनए अगॅरोज जेलवर चालवला असता अपोप्टोसिसची, म्हणजे पूर्वनियोजित मृत्यूची, ओळख मानली जाणारी शिडी (डीएनएच्या तुकड्यांच्या पायऱ्या) दिसली नाही, फक्त फिकट ओघळ दिसला.

आमच्या विभागात यावर दोन मते आहेत. काहींच्या मते दोन्ही रंग घेतलेल्या पेशींना ‘उशिराचा अपोप्टोसिस’ म्हणण्याची रीतच आहे, त्यामुळे निष्कर्ष स्पष्ट आहे. इतरांच्या मते शिडी नाही म्हणजे अपोप्टोसिस नाही, हा नेक्रोसिस, म्हणजे इजेने झालेला अनियोजित मृत्यू, आहे. मला आपल्याकडून दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. या दोन निरीक्षणांचा मेळ कसा घालावा, आणि डीएनएची तुटलेली टोके शोधणाऱ्या ट्युनेल चाचणीचा महागडा संच मागवण्यापूर्वी विभागात उपलब्ध असलेल्या साधनांवर, म्हणजे वेस्टर्न ब्लॉट (प्रतिपिंडांनी प्रथिने ओळखण्याची पद्धत), फ्लो सायटोमीटर आणि प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक यांवर, कोणत्या चाचण्या आधी कराव्यात?

कॅस्पेस, पाषाण

आपल्या प्रश्नातील शिडीचा भाग मी आधी घेतो, कारण त्याचे उत्तर आपल्या अर्कापेक्षा आपण निवडलेल्या पेशींमध्ये अधिक आहे. कॅस्पेस ही अपोप्टोसिसमध्ये इतर प्रथिने तोडणारी एन्झाइमे आहेत, आणि एमसीएफ-७ पेशींमध्ये त्यांपैकी कॅस्पेस-३ हे प्रथिन तयारच होत नाही. त्याच्या जनुकाच्या तिसऱ्या एक्झॉनमधून ४७ बेस गळाल्यामुळे वाचनाची चौकट बिघडते. ही गोष्ट १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली असून तेव्हापासून सर्वमान्य आहे. तरीही दरवर्षी अनेक प्रबंधांमध्ये याच पेशींतील ‘कॅस्पेस-३ची सक्रियता’ छापून येते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शिडी कशी तयार होते ते पाहिले की संबंध लक्षात येतो. डीएनए कापणारे सीएडी हे एन्झाइम निरोगी पेशीत आयसीएडी या प्रथिनाने जखडलेले असते. मुख्यतः कॅस्पेस-३ आयसीएडीला तोडते, तेव्हा सीएडी मोकळे होते आणि न्यूक्लिओसोमांच्या मधल्या जोडपट्ट्यांवर डीएनए कापते. म्हणून सुमारे १८० ते २०० बेसजोड्यांच्या पटीतील तुकडे होतात आणि जेलवर पायऱ्या दिसतात. ज्या पेशीत कॅस्पेस-३ नाही, तिच्यात ही साखळी याच ठिकाणी तुटते. त्याआधीच्या पायऱ्या, म्हणजे तंतुकणिकांतून (मायटोकाँड्रियांतून) सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर पडणे, कॅस्पेस-९ सक्रिय होणे आणि कॅस्पेस-७ तोडले जाणे, या मात्र एमसीएफ-७ मध्ये घडू शकतात. म्हणजेच या पेशींत शिडी न दिसणे हा अपोप्टोसिसविरुद्धचा पुरावा नव्हे. तसेच फिकट ओघळ दिसला म्हणून नेक्रोसिसही सिद्ध होत नाही, कारण डीएनए काढताना तो यांत्रिक रीतीने तुटला तरी असा ओघळ येतो.

याच कारणाने आणखी काही नेहमीच्या खुणा या पेशींत मंद असतात. केंद्रकाचे ठळक तुकडे होणे आणि पेशीपटलावर फुगे येणे यांतही कॅस्पेस-३चा मोठा वाटा असतो. इथेनॉलमध्ये स्थिर केलेल्या पेशींचे पेशीचक्र पाहून ‘उप-जी१’ गट मोजण्याची पद्धतही डीएनएचे तुकडे पेशीबाहेर निसटण्यावर अवलंबून असल्याने इथे मृत्यूचे प्रमाण कमी दाखवू शकते. ट्युनेल चाचणी डीएनएच्या तुटलेल्या टोकांवरील ३’-हायड्रॉक्सिल गटाला चिन्हांकित न्यूक्लिओटाइड जोडते. ही टोके नेक्रोसिसमध्येही निर्माण होतात आणि एमसीएफ-७ मध्ये अपोप्टोसिस असूनही मोजकीच असू शकतात, त्यामुळे तो खर्च आपण आत्ता करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे वेस्टर्न ब्लॉट आहे, तर त्याचा पुरेपूर उपयोग करा. पार्प-१ हे डीएनए-दुरुस्तीतील ११६ किलोडाल्टनचे प्रथिन कॅस्पेसने तोडले की ८९ किलोडाल्टनचा तुकडा मिळतो, आणि हे काम कॅस्पेस-७ सुद्धा करते. दोन्ही पट्ट्या दाखवणारे प्रतिपिंड वापरावे, म्हणजे मूळ प्रथिन किती उरले हेही दिसेल. नेक्रोसिसमध्ये लायसोसोमातील एन्झाइमे पार्प-१ला वेगळ्या जागी तोडतात आणि सुमारे ५० किलोडाल्टनची पट्टी ठळक होते, म्हणून ब्लॉट ८९च्या खाली कापून टाकू नये. जोडीला तोडलेल्या कॅस्पेस-७चा सुमारे २० किलोडाल्टनचा तुकडा पाहावा. तोडलेल्या कॅस्पेस-३चे प्रतिपिंड मात्र या पेशींसाठी विकत घेण्यात अर्थ नाही.

डीईव्हीडी या (कॅस्पेस जिथे तोडते त्या) अमिनो आम्लांच्या क्रमाचे रंगीत किंवा प्रतिदीप्त द्रव्य वापरून एन्झाइमची सक्रियता मोजली, तर एमसीएफ-७ मध्येही वाचन मिळेल, कारण कॅस्पेस-७ तोच क्रम तोडते. ते वाचन ‘डीईव्हीडी तोडणारी सक्रियता’ असेच लिहावे. संचाच्या खोक्यावर कॅस्पेस-३ असे छापलेले असले, तरी आपल्या पेशीत ते एन्झाइम नाही.

प्रवाहमापी, कोथरूड

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मी फ्लो सायटोमेट्रीच्या बाजूने लिहितो, कारण त्या उजव्या वरच्या चौकटीवर जितका भार टाकला जातो तितका ती पेलू शकत नाही.

निरोगी पेशीत फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेदघटक पेशीपटलाच्या आतील थरात राखलेला असतो. अपोप्टोसिसच्या सुरुवातीच्या टप्प्यात तो बाहेरच्या थरात येतो, आणि कॅल्शियमच्या उपस्थितीत ॲनेक्सिन व्ही त्याला चिकटते. पेशीपटल शाबूत असेपर्यंत प्रोपिडियम आयोडाइड आत शिरत नाही. परंतु पटल कोणत्याही कारणाने फाटले, की प्रोपिडियमबरोबर ॲनेक्सिनही आत जाते आणि आतील थरातील फॉस्फॅटिडिलसेरीनला चिकटते. त्यामुळे अपोप्टोसिसच्या शेवटी पोहोचलेली पेशी आणि थेट नेक्रोसिसने मेलेली पेशी या दोघी एकाच चौकटीत येतात. शरीरात मरणाऱ्या पेशींना भक्षक पेशी लवकर गिळून टाकतात. प्लेटमध्ये भक्षक पेशी नसल्याने अपोप्टोसिसची पेशी तशीच पडून राहते आणि काही तासांत तिचेही पटल फाटते. याला दुय्यम नेक्रोसिस म्हणतात. ४८ तासांच्या एकाच वेळेवर पाहिले, तर ही पेशी तिथपर्यंत कोणत्या वाटेने आली ते त्या आलेखातून कळणे शक्य नाही.

म्हणून वेळेचा क्रम लावणे अनिवार्य आहे. तीच मात्रा देऊन ६, १२, २४, ३६ आणि ४८ तासांनी नमुने घ्या. केवळ ॲनेक्सिन घेतलेला गट आधी वाढून नंतर ओसरत असेल आणि दोन्ही रंग घेतलेला गट त्याच्या मागोमाग चढत असेल, तर अपोप्टोसिसच्या बाजूने बोलता येईल. पहिल्याच नमुन्यापासून पेशी थेट वरच्या चौकटीत जात असतील, तर मात्र नेक्रोसिसचा किंवा तत्सम प्रकाराचा गंभीरपणे विचार करावा लागेल. माझ्या मते आपल्या प्रकरणातील सर्वांत मोलाचा आणि सर्वांत स्वस्त प्रयोग हाच आहे.

पेशी गोळा करण्याच्या पद्धतीवर निकाल किती अवलंबून असतो, हे पुरेसे सांगितले जात नाही. एमसीएफ-७ या तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशी आहेत, आणि मरणाऱ्या पेशी तळापासून सुटून माध्यमात तरंगू लागतात. जुने माध्यम ओतून टाकले, तर आपण मोजायच्या पेशीच फेकून देतो. माध्यम, धुतलेला बफर आणि सोडवलेल्या पेशी हे सारे एकाच नळीत आले पाहिजे. सोडवताना ट्रिप्सिनचा वेळ वाढला किंवा पेशी खरवडून काढल्या, तर पटलाला इजा होऊन निरोगी पेशीही ॲनेक्सिन घेतात. ॲक्युटेजसारखे सौम्य द्रव्य वापरणे बरे. आणखी एक बाब म्हणजे ट्रिप्सिनबरोबरचे ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवते. ते नीट धुतले गेले नाही, तर ॲनेक्सिनचे चिकटणेच कमी होते. बंधन बफरमध्ये साधारणपणे २.५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड असते, आणि रंग दिल्यानंतर पेशी फॉस्फेट बफरने धुऊ नयेत. अंधारात १५ मिनिटे ठेवून तासाभराच्या आत यंत्रावर वाचन घ्यावे.

आपला नमुना पानांचा अर्क आहे, याकडे विशेष लक्ष वेधतो. मेथॅनॉलमध्ये हरितद्रव्य सहज उतरते, आणि ते निळ्या प्रकाशाने उत्तेजित होऊन ६७० ते ६८० नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रतिदीप्ती देते. आपल्या यंत्रावर प्रोपिडियमचे वाचन ६७० नॅनोमीटरच्या पुढील लांब लहरींच्या गाळणीतून होत असेल, तर अर्क शोषलेली जिवंत पेशीसुद्धा प्रोपिडियम धन दिसू शकते. अनेक वनस्पतिज द्रव्ये हिरव्या पट्ट्यातही चमकतात. हळदीतील कुर्क्युमिन हे त्याचे परिचित उदाहरण आहे, आणि त्याची चमक एफआयटीसीच्या पट्ट्यात मिसळते. म्हणून अर्क दिलेल्या पण रंग न दिलेल्या पेशी हा नमुना प्रत्येक वेळी हवा. केवळ एक-एक रंग दिलेले नमुने भरपाईसाठी (एका रंगाची दुसऱ्याच्या पट्ट्यात मिसळणारी चमक वजा करण्यासाठी) लागतातच. त्याशिवाय ॲनेक्सिनबरोबर मुद्दाम ईडीटीए घातलेला एक नमुना ठेवा. कॅल्शियम काढून घेतल्यावरही हिरवे वाचन टिकून राहिले, तर ते ॲनेक्सिनचे नाही हे लगेच कळते.

चौकटीच्या रेषा प्रत्येक नमुन्यासाठी हलवू नयेत, हे सांगण्याची वेळ खरे तर येऊ नये, पण छापील आलेखांत ते वारंवार दिसते.

पेशीविद्यार्थिनी, औंध

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वेळेच्या क्रमाचा प्रयोग आणि पार्प-१चा ब्लॉट यांची आखणी मी सुरू करत आहे. आणखी तीन शंका आहेत. पहिली म्हणजे एमटीटीवरून मात्रा निवडणे योग्य आहे का? दुसरी अशी की झेड-व्हीएडी-एफएमके हा कॅस्पेस-निरोधक वापरून पेशी वाचल्या, तर तेवढ्यावर अपोप्टोसिस सिद्ध मानता येईल का, आणि न वाचल्यास काय समजावे? तिसरी शंका जेसी-१ रंगाबद्दल आहे. तंतुकणिकांचे विभव घटल्याचे दाखवले, तर ते अंतर्गत मार्गाचा (तंतुकणिकांतून सुरू होणाऱ्या अपोप्टोसिसचा) पुरावा ठरते, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे.

संवर्धन कक्ष, बाणेर

एमटीटीपासून सुरुवात करतो. १९८३ मध्ये मांडली गेलेली ही चाचणी मृत्यू मोजत नाही. जिवंत पेशींतील चयापचय पिवळ्या टेट्राझोलियम क्षाराचे क्षपण करून जांभळे फॉर्मेझान तयार करतो, आणि आपण ५७० नॅनोमीटरच्या आसपास त्याचे शोषण वाचतो. वाचन निम्म्यावर आले याचा अर्थ निम्म्या पेशी मेल्या असा होऊ शकतो, त्यांची वाढ मंदावली असा होऊ शकतो, किंवा पेशी तितक्याच असून त्यांचा चयापचय घटला असाही होऊ शकतो. ४८ तासांत नियंत्रणातील पेशींची संख्या वाढत राहते, म्हणून एकही पेशी न मरता केवळ विभाजन थांबले तरी टक्केवारी खाली येते. उलट बाजूने, पानांच्या अर्कातील पॉलिफिनॉल पेशीविनाही एमटीटीचे थेट क्षपण करतात आणि विषारी मात्रा निरुपद्रवी भासू शकते. पेशी नसलेल्या कूपांत माध्यम, अर्क आणि एमटीटी घालून हा भाग तपासावा आणि एमटीटी घालण्यापूर्वी अर्काचे माध्यम बदलावे. अर्क डीएमएसओमध्ये विरघळवला असेल, तर तेवढेच डीएमएसओ दिलेले नियंत्रण हवे. शेवटची मात्रा ट्रायपॅन ब्लूने प्रत्यक्ष पेशी मोजून ठरवा. सुरुवातीची संख्या, नियंत्रणातील संख्या आणि अर्कातील संख्या हे तीन आकडे शेजारी ठेवले, की वाढ थांबली आहे की पेशी मरत आहेत हे उघड होते.

निरोधकाबद्दल आपण विचारलेला प्रश्न फार महत्त्वाचा आहे. अर्क देण्यापूर्वी साधारण तासभर २० ते ५० मायक्रोमोलर झेड-व्हीएडी-एफएमके द्यावे आणि अर्काबरोबरही ते ठेवावे. त्याने पार्प-१चे तुटणे थांबले आणि केवळ ॲनेक्सिन घेणारा गट घटला, तर मृत्यूची ती घडण कॅस्पेसवर अवलंबून आहे असे म्हणता येते. मात्र पेशी अखेरीस वाचल्या नाहीत, म्हणून अपोप्टोसिस नव्हता असे म्हणता येत नाही. तंतुकणिकांचे बाह्य पटल बॅक्स आणि बॅक या प्रथिनांनी एकदा छिद्रित केले, की कॅस्पेस रोखले तरी बहुतेक पेशी मरतातच, फक्त सावकाश आणि वेगळ्या रूपाने. याखेरीज काही पेशींत कॅस्पेस-८ रोखल्याने नेक्रोप्टोसिसची (नेक्रोसिससारख्या दिसणाऱ्या पण नियंत्रित मृत्यूची) वाट मोकळी होते. उंदराच्या एल९२९ पेशी तर केवळ या निरोधकानेच मरतात. म्हणून शक्य असल्यास समांतर कूपांत नेक्रोस्टॅटिन-१ आणि फेरोस्टॅटिन-१ हेही वापरावेत. पहिला नेक्रोप्टोसिस घडवणाऱ्या आरआयपीके-१ या एन्झाइमला रोखतो, आणि दुसरा मेदांचे पेरॉक्सिडीभवन थांबवून फेरोप्टोसिस, म्हणजे लोहावर अवलंबून असलेला मृत्यू, टाळतो. वनस्पतींच्या अर्कांनी लोह आणि ऑक्सिडीकरणाशी निगडित मृत्यू घडण्याची शक्यता आपल्याकडे फारशी तपासली जात नाही. ती तपासली जावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जेसी-१च्या बाबतीत सावध राहावे. विभव चांगले असताना हा रंग तंतुकणिकांत साठून ५९० नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकतो आणि विभव घटले की ५२९च्या आसपास हिरवा दिसतो. विभव घटते हे खरे, पण ते नेक्रोसिसमध्येही घटते आणि श्वसनसाखळीला थेट बाधा आणणाऱ्या द्रव्यानेही घटते. शिवाय हिरव्या पट्ट्यात अर्काची चमक मिसळण्याचा धोका इथेही आहे. अंतर्गत मार्ग दाखवायचा असेल, तर डिजिटोनिनने पेशीपटल हलकेच सच्छिद्र करून पेशीद्रव वेगळा काढावा आणि त्यात सायटोक्रोम सी आले आहे का, हे ब्लॉटवर पाहावे. तंतुकणिकाच फुटून पेशीद्रवात मिसळल्या नाहीत, हे दाखवण्यासाठी कॉक्स-४सारखे तंतुकणिकांतच राहणारे प्रथिन त्याच ब्लॉटवर तपासावे. ही पायरी कॅस्पेस-३च्या आधीची असल्याने आपल्या पेशींतही ती स्पष्ट दिसायला हवी.

धन नियंत्रणाचा, म्हणजे अपोप्टोसिस घडवतेच अशा ज्ञात द्रव्याच्या नमुन्याचा, उल्लेख आपल्या प्रश्नात नाही. १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिन काही तासांतच परिणाम दाखवते. कॅम्प्टोथेसिनही चालेल, पण ते टोपोआयसोमरेज-१ला डीएनएवर अडकवून डीएनए दुप्पट होण्याच्या टप्प्यातील पेशींना मारते, त्यामुळे त्याला अधिक वेळ लागतो. आपला विषय सह्याद्रीतील वनस्पतींचा आहे म्हणून नमूद करतो की हे द्रव्य प्रथम १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून वेगळे केले गेले, आणि १९७२ मध्ये भारतीय संशोधकांना ते आपल्या पश्चिम घाटातील नरक्यामध्ये सापडले. त्यासाठी झालेल्या तोडीने नरक्याची झाडे अनेक ठिकाणी विरळ झाली आहेत. आपल्या अर्काचे निष्कर्ष भक्कम असावेत, यामागे माझ्या मनात हेही एक कारण आहे, कारण कर्करोगावर गुणकारी म्हणून एखाद्या वनस्पतीचे नाव पसरले की तिची तोड सुरू व्हायला वेळ लागत नाही.

कॅस्पेस, पाषाण

दोन गोष्टी राहिल्या होत्या त्या जोडतो. कॅस्पेस-३ शाबूत असलेली एखादी पेशीजात, उदाहरणार्थ गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची हेला, समांतर वापरावी. त्याच अर्काने हेलामध्ये शिडी, ८९ किलोडाल्टनचा तुकडा आणि केवळ ॲनेक्सिनचा गट हे तिन्ही दिसले, आणि एमसीएफ-७ मध्ये शिडी वगळता बाकीचे दिसले, तर विभागातील दोन्ही मतांना एकाच आकृतीत उत्तर मिळेल. परंतु त्याआधी दोन्ही पेशीजातींची मायकोप्लाझ्मासाठी (संवर्धनात शिरणाऱ्या अतिसूक्ष्म जिवाणूंसाठी) तपासणी करून घ्यावी. काही मायकोप्लाझ्मांची न्यूक्लिएज एन्झाइमे पेशींचा डीएनए न्यूक्लिओसोमांच्या अंतराने कापतात, आणि मग जेलवर दिसणारी शिडी अर्कामुळे आली की संसर्गामुळे, हे सांगता येत नाही. डीएनएला चिकटणाऱ्या हेक्स्ट ३३२५८ या रंगाने रंगवलेल्या पेशींत केंद्रकाबाहेर बारीक चमकते ठिपके दिसले तर संशय घ्यावा, आणि पीसीआरने खात्री करावी.

पेशीविद्यार्थिनी, औंध

हेलाचा समांतर प्रयोग आणि मायकोप्लाझ्माची तपासणी दोन्ही आखणीत घेतली आहेत. ट्युनेल संचाची मागणी तूर्त मागे घेऊन त्या रकमेत पार्प-१ आणि कॅस्पेस-७ची प्रतिपिंडे व झेड-व्हीएडी-एफएमके मागवण्यास मार्गदर्शकांनी संमती दिली आहे. वेळेच्या क्रमाचे आलेख, रंग न दिलेल्या अर्काच्या नमुन्यासह, तयार झाले की इथेच मांडेन.